शेतावर टाकलेली राख

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. त्यांनी देहदान करायचं ठरवून ठेवलं होतं. पण खून झालेल्या माणसाचं शवविच्छेदन चुकत नाही, आणि विच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या कामाचा उरत नाही. त्यामुळे साताऱ्यात त्यांचं दहन झालं. विधी कोणताही नाही. अग्नी दिला मुलीने, मुक्ताने. राख गोळा केली तीही मंत्रावाचून, आणि ती त्यांच्या सेंद्रिय शेतावर पसरली.

त्या दिवसांत छापून आलेल्या ढीगभर मजकुरात ही शेवटची ओळ बहुतेकांच्या नजरेतून निसटली असेल. माझ्या डोक्यातून ती जाईना, कारण दाभोलकरांच्या घरात माती हा जुना विषय. नरेंद्र हे दहा भावंडांतलं शेंडेफळ. त्यांचे एक थोरले बंधू श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे शिक्षक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात आणि पुढे कोल्हापुरात राहून त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना बरोबर घेतलं, ठरीव शेतीशास्त्र बाजूला ठेवलं आणि वेलीची पानं मोजत, मुळं उकरून बघत शेती केली आणि करवली. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक गच्चीवर भाजी लावणाऱ्यांच्या घरी अजून सापडतं. माती विकत आणायची वस्तू नाही, ती घरच्या पाल्यापाचोळ्यातून बनवायची, हा त्यांचा धडा. सुका पाला बारीक करायचा, शेण-गोमूत्राच्या पाण्यात भिजवायचा, चांगल्या मातीचे पातळ थर देत रचायचा, हवा खेळती ठेवायची, आणि थांबायचं. श्रीपादराव २००१ साली गेले. बारा वर्षांनी धाकट्या भावाची राख शेतावर पडली.

हे पुस्तक या दोघा भावांचं नाही. पण त्याचा प्रश्न या दोघांच्या मधोमध उभा आहे. एकाने माती कशी करायची ते शिकवलं, दुसरा राख होऊन मातीत गेला. मग देहाचीच सरळ माती का करू नये?

प्रश्न मला पहिल्यांदा सुचलेला नाही. अमेरिकेत कॅटरिना स्पेड नावाची वास्तुकलेची विद्यार्थिनी होती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकताना तिने स्वतःच्या मरणानंतर काय, याचा विचार सुरू केला. तिकडचे शेतकरी मेलेली गुरं लाकडाच्या ढलप्यांत झाकून ठेवतात आणि काही महिन्यांत त्यांचं खत होतं, हे तिला कळलं. गाईचं होतं तर माणसाचं का नाही, इतका साधा तो तर्क. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञ लिन कारपेंटर-बॉग्ज यांनी तो प्रयोगात उतरवला. मरणापूर्वी संमती दिलेल्या सहा जणांचे देह या अभ्यासाला मिळाले. २१ मे २०१९ रोजी वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरांनी कायद्यावर सही केली, मे २०२० पासून तो लागू झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिएटलजवळ ‘रीकंपोज’ या स्पेडबाईंच्या संस्थेचं काम सुरू झालं. मग कोलोरॅडो, ओरेगन, व्हरमाँट, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क असं करत आज डझनभराहून अधिक राज्यांत ही रीत कायदेशीर आहे. सिएटल परिसरात संगणकाच्या धंद्यातली मराठी घरं थोडीथोडकी नाहीत. आईवडील तिकडे मुलांपाशी जाऊन राहतात, आणि कधी तिकडेच त्यांचं बरंवाईट होतं. तेव्हा हा पर्याय त्यांच्यापुढे वर्तमानपत्रातली गंमत म्हणून येत नाही, अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपनीच्या दरपत्रकातली एक ओळ म्हणून येतो.

प्रत्यक्षात करतात काय, ते नीट सांगायला हवं, कारण ‘माणसाचं खत’ म्हटलं की पहिली शिसारी उकिरड्याच्या आठवणीने येते. माणसाच्या लांबीची एक बंद पेटी. तळाशी लाकडाच्या ढलप्या, गव्हाचं काड आणि लसूणघास. हो, तोच, आपल्याकडे गोठ्याशेजारच्या वाफ्यात म्हशीसाठी लावतात तो. त्यावर देह, आणि वरून पुन्हा तोच थर. देहात नत्र आणि पाणी भरपूर, ढलप्यांत आणि काडात कर्ब. हे प्रमाण जमलं की सूक्ष्मजीवांना बाहेरून काही आणून द्यावं लागत नाही. ते देहात आणि चाऱ्यात असतातच. पेटीत हवा सोडत राहतात. हवा मिळाली की आतली ऊब आपोआप चढते. ती सलग तीन दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिली पाहिजे, म्हणजे रोगजंतूंचा निकाल लागतो. पाच ते सात आठवड्यांनी मांस, कातडी, केस यांतलं ओळखू येईल असं काही उरत नाही. हाडं उरतात, ती यंत्रात बारीक करून परत मिसळतात. (हे ऐकून अंगावर काटा येत असेल तर सांगतो, गॅसच्या भट्टीतल्या दहनानंतरही तिकडे हाडं अशीच दळून कलशात भरून देतात.) गुडघ्यातली धातूची वाटी, हाडातले स्क्रू वेचून काढतात. नंतर आणखी काही आठवडे माती मुरवत ठेवतात. शेवटी पाऊण घनमीटर भरते, म्हणजे एका ‘छोटा हत्ती’चा हौदा जवळजवळ भरेल इतकी. घरचे त्यातली हवी तेवढी नेतात, बाकीची जंगल राखायच्या जमिनीवर जाते.

श्रीपादरावांच्या ढिगाशी हे ताडून पाहा. सुकं, ओलं, हवा, ओल, वेळ. फरक आहे तो देहाचा, आणि त्या देहाला नाव असल्याचा.

आता राखेचं पाहू. दाभोलकरांची राख शेतावर गेली, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हल्ली असं करणारी घरं बरीच दिसतात. बांधावर खड्डा काढायचा, रक्षा त्यात टाकायची, वर आंबा किंवा नारळ लावायचा. नदी वाचते, झाड येतं, आणि नातवाला ‘हे आजोबांचं झाड’ म्हणून दाखवता येतं. मला ही चाल मनापासून आवडते. तिने जमिनीचं पोट भरतं, हा समज मात्र खरा नाही. जाळल्यावर देहातला नत्र आणि कर्ब धुरावाटे निघून जातो. उरतो तो हाडांतला चुना, स्फुरद आणि क्षार. ही राख जात्याच इतकी अल्कधर्मी आणि खारट असते की एका खड्ड्यात सगळी ओतली तर कोवळ्या रोपाची मुळं होरपळतात. पसरून टाकली तर चालते. दाभोलकरांच्या घरच्यांनी ती शेतावर पसरली, ते या दृष्टीनेही शहाणपणाचं. पाचगणी-महाबळेश्वरच्या तांबड्या आम्लधर्मी जमिनीला चिमूटभर राखेचा त्रास नाही. पण आमच्या भागातलं नगदी पीक स्ट्रॉबेरी, आणि तिला आम्लाकडे झुकणारीच जमीन लागते. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर राखेचं पोतं उलटं करायला कुणी धजणार नाही.

पोतं म्हटलं ते उगीच नाही. कृष्णाकाठच्या कुठल्याही घाटावर तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला आलेली माणसं बघा. राखेवर पाणी मारतात, दूध शिंपडतात, अस्थी वेचून मडक्यात घेतात, नैवेद्य मांडून कावळ्याची वाट बघत उभे राहतात. उरलेली राख, अर्धवट जळलेले ओंडके, कोळसा हे सगळं फावड्याने भरायचं कशात? घरात सहज सापडतात ती खताची रिकामी पोती. युरियाच्या पोत्यात भरून राख नदीत जाते. खताच्या पोत्यातून माणूस नदीत, आणि नदीतून पंपाने पाणी उसात. त्या उसाला पुन्हा नवं पोतं.

तिरडी खांद्यावरून उतरली की पुढचा प्रश्न सरपणाचा असतो. एका सरणाला तीनशे-चारशे किलो लाकूड सहज लागतं, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर कोरडं लाकूड मिळवताना मयताच्या घरच्यांचे जे हाल होतात ते ज्याने पाहिलेत त्याला सांगायला नको. रॉकेल ओतायचं, टायर टाकायचं, पत्र्याच्या शेडखाली धुरात डोळे चोळत उभं राहायचं. कोल्हापूरने यावर चांगला तोडगा काढला आहे. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका दहनाचा खर्च घेत नाही, दहन बहुतांशी शेणींवर होतं, आणि होळीला शेणी जाळण्याऐवजी स्मशानाला दान करा अशी हाक देताच गल्लीगल्लीतून ट्रॉल्या भरून शेणी येतात. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ‘होळी लहान, पोळी दान’ ही मोहीम जिथे रुजली तिथे हे सुचणं साहजिक होतं. नागपुरात शेतातला काडीकचरा दाबून केलेलं मोक्षकाष्ठ वापरतात. लाकूड वाचतं, यात शंका नाही. पण शेण काय किंवा काडीकचरा काय, जमिनीला हवं असलेलं तेच आपण जाळतो, आणि त्यावर जमिनीला हवा असलेला देहही. श्रीपादराव असते तर त्यांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवलं असतं.

या पुस्तकाची सुरुवात पाचगणीत झाली, त्याला कारण आहे. हे गाव मुळात आजाऱ्यांसाठी वाढलं. १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने इथली हवा हेरली, दांडेघर, गोडवली, खिंगर, आंब्रळ, ताईघाट या पाच गावांच्या मधली जागा धरली, सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया आणून लावले. आज पर्यटक ज्या झाडांखाली मक्याचं कणीस खात फोटो काढतात ती त्याची पुण्याई. तो इथेच मेला, आणि सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. नंतर पारशी आले, बंगले आले, शाळा आल्या. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं. क्षयावर औषध नव्हतं; हवा, दूध, अंडी आणि विश्रांती एवढाच इलाज. मुंबईहून बरं व्हायला आलेल्यांतले काही परत गेले, काही गेले नाहीत. योगायोग असा की अमेरिकेत देहाची माती करण्याच्या नियमांत ज्यांना मनाई आहे त्यांत इबोला आणि मेंदूचा क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग यांच्या जोडीला क्षयही आहे. पाचगणीला ज्यांनी नाव मिळवून दिलं त्या रोग्यांना ही वाट तेव्हा असती तरी बंदच राहिली असती.

मरणानंतरच्या रिती इतक्या थोड्या जागेत इतक्या भिन्न क्वचित आढळतात. चर्चचं आवार आहे, मुसलमानांचं दफन आहे, हिंदूंचं सरण आहे. १९४५ साली इथे न्यू एरा शाळा काढणारे बहाई आहेत. त्यांच्या धर्मात दहन वर्ज्य, आणि मृत्यू जिथे झाला तिथून तासाभराच्या प्रवासापलीकडे देह नेऊ नये असा दंडक. म्हणजे पाचगणीत मेलेला बहाई पाचगणीच्याच मातीत. देह लांबवर नेण्याचा खर्च आणि धूर वाचवणारा इतका साधा नियम पर्यावरणवाल्यांना अजून सुचलेला नाही. आणि पारशी. त्यांची रीत जुनी आणि या सगळ्यांत काटकसरी: देह गिधाडांना. ती मोडली गिधाडांनी नाही, डायक्लोफेनॅकने. गुरांना दिलेलं हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडात गेलं आणि थोड्या वर्षांत पक्षी जवळजवळ संपले. जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद झालं, तोवर उशीर झाला होता. २०१५ मध्ये मुंबईत वरळीच्या स्मशानात पारशी प्रार्थनागृह उभं राहिलं. २०२२ मध्ये सायरस मिस्त्री आणि २०२४ मध्ये रतन टाटा यांचं दहन वरळीलाच झालं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे जगाचा फ्रेडी मर्क्युरी, १९९१ साली लंडनमध्ये वारला. त्याचंही दहनच झालं होतं. शतकानुशतकांच्या रितीला एका औषधाने वळण लावलं, हे लक्षात ठेवलं की ‘आपल्यात असं चालत नाही’ या वाक्याचा जोर जरा कमी होतो.

आपल्यात काय काय चालतं, याची यादी तशी मोठी आहे. लहान मूल गेलं तर पुरतात. संन्याशाला समाधी देतात. कऱ्हाड, मिरज, सांगली, जत या पट्ट्यात लिंगायत घरं भरपूर. त्यांच्यात बसलेल्या स्थितीत, हातात इष्टलिंग ठेवून, भस्म-बेलासह दफन होतं. नाथपंथी आणि गोसाव्यांतही समाधीच. एकाच गावच्या एकाच गल्लीतले दोन शेजारी, एक जळतो आणि एक पुरला जातो, आणि दोन्ही घरचे लोक एकमेकांच्या मातीला जातात. वसईकडच्या काही ख्रिस्ती धर्मग्रामांनी अलीकडे शवपेटी सोडून नुसत्या सुती कापडात दफन करायला सुरुवात केली आहे. लाकूड वाचतं आणि जागा लवकर मोकळी होते.

आपला देह कुठे जावा ही इच्छा परवानगीवाचून अडल्याचं एक उदाहरणही या मुलखाने पाहिलं आहे. महात्मा फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा अशी जोतीरावांची इच्छा होती. पुण्यातल्या घराच्या मागे खड्डा खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, आणि राहत्या वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही. शेवटी दहन झालं आणि अस्थी त्या जागी आणून ठेवल्या. फुलेवाड्यातलं तुळशीवृंदावन त्याच जागेवर आहे. ज्या नगरपालिकेत जोतीराव स्वतः सभासद होते त्याच गावात त्यांना हवी तशी मूठमाती मिळाली नाही. मीठ हा मात्र मातीचा मित्र नव्हे. मिठाने देह टिकतो, सडत नाही. जोतीरावांना तेच हवं होतं की नाही, हा वेगळा विषय. पण देहाची माती व्हावी असं ज्याला वाटतं त्याने मिठाच्या वाटेला जाऊ नये.

पुरलं की माती होतेच ना, मग एवढा खटाटोप कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. होते, पण सावकाश आणि अडखळत. सहा फुटांखाली हवा पोचत नाही. हवेवर जगणारे जंतू वरच्या दीड-दोन फुटांत असतात. खोल खड्ड्यात काम करतात ते बिनहवेचे, आणि त्यांच्या कामातून मिथेन निघतो, घाण पाणी सुटतं, वर्षानुवर्षं जातात. पाचगणीत तर खोल खणायला मातीच कुठे आहे? टेबललँडवर वीतभर मातीखाली जांभ्याचा कातळ सुरू होतो. इंग्लंडमध्ये कार्लाइल इथे १९९३ साली जे वनदफन सुरू झालं त्याची मेख हीच: पेटी नाही किंवा साधीच, दगडी कठडा नाही, वर झाड. ही रीत आणण्यासाठी आपल्याकडे नवं यंत्र लागणार नाही. मुस्लिम आणि लिंगायत दफनात कापडापलीकडे फारसं काही नसतंच. दफनभूमीत सिमेंटचे चौथरे बांधणं थांबवलं आणि खड्ड्यात पालापाचोळा भरपूर घातला, तर निम्मं काम तिथेच होतं.

राहिलेल्या निम्म्यासाठी जागा लागते, आणि पाचगणीत जागेइतकं दुर्मीळ काही नाही. १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षेत्र जाहीर झाला. झाड तोडायचं तर परवानगी, बांधकामाला परवानगी, आणि तरी बंगले वाढतच आहेत. दफनभूमी वाढवायला गुंठाभर जमीन मागून बघा. उलट बाजूने पाहिलं तर याच गावाने कचऱ्याच्या बाबतीत धडाडी दाखवली आहे. पाचगणी गिरिस्थान नगरपरिषदेचा कचरा डेपो जिथे होता, जिथे नाक धरून जावं लागे, तिथे आज ‘स्वच्छ भारत पॉइंट’ आहे. हॉटेलांचा आणि घरांचा ओला कचरा वेगळा होतो, त्याचं खत होतं. भाजीच्या देठांचं खत करायला शिकलेल्या गावाला ऊब, ओल आणि हवा यांचं शास्त्र नव्याने शिकवायला नको. पण या दोन गोष्टी एका वाक्यात आणल्या की समोरचा माणूस दुखावतो, आणि त्याचं दुखावणं मला खोटं वाटत नाही. माझ्या आईची आणि भाजीच्या देठांची सोय एकाच खात्याने पाहावी, हे मलाही रुचणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. आपल्या नगरपालिकांचे कायदे प्रेत पुरण्याच्या आणि जाळण्याच्या जागांची भाषा बोलतात. तिसरी रीत ते ओळखत नाहीत. प्रेताची विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या ३०१व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि कोणी उत्साहाच्या भरात शेतात घरचा प्रयोग करायला गेला तर पोलीस दारात येतील, ते योग्यच होईल. देहदानाची वाट १९४९च्या शरीररचना कायद्यामुळे मोकळी झाली. आधी कायदा झाला, मग संस्था तयार झाल्या, मग हळूहळू घरं. देहाच्या मातीलाही तोच क्रम लागेल. खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेत सात हजार डॉलरच्या आसपास घेतात. आपल्या सहा लाखांना माणसाची माती करून मिळणार असेल तर ती श्रीमंतांची हौस ठरेल, आणि तिच्यात मला रस नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न मला शास्त्रज्ञाने विचारला नाही, खिंगरकडच्या एका आजींनी विचारला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग सावडायचं कवा? आन् कावळ्याला काय दावायचं?” मला उत्तर देता आलं नाही. आपलं दुःख दिवसांवर बांधलेलं असतं. तिसरा, दहावा, बारावा, तेरावा. तेराव्याला गोड होतं, पावणेरावळे उठतात, आणि घरातली चूल पुन्हा नेहमीसारखी पेटते. इथे तर माती हातात यायला दोन-तीन महिने. तोवर घर काय करणार? सिएटलमध्ये पेटीत देह ठेवताना घरच्यांना फुलं, पानं, पत्रं आत ठेवू देतात; ती सोय चांगली आहे, पण ती दहाव्याची जागा घेत नाही. आजींनीच नंतर वाट सुचवली: तेरावा तेराव्यालाच करायचा, आणि माती मिळेल तेव्हा वर्षश्राद्धासारखा वेगळा दिवस धरून ती रानात न्यायची. “वर्साला तर समदे येत्यातच की,” असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या. पंचांगात ही सोय बसवायला एखादा व्यवहारी भटजी पुरे आहे. कोविडच्या दिवसांत स्मशानात चार माणसं आणि दहावा मोबाइलवर, हेही आपण निभावून नेलंच की.

आणि हे काम करणार कोण? या प्रश्नाला मी पुस्तकात सगळ्यात जास्त पानं दिली आहेत. आपल्याकडे मेलेली ढोरं ओढणं ज्यांच्या माथी पिढ्यानपिढ्या मारलं गेलं, त्यांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ते काम टाकलं, गावचे बहिष्कार सोसून टाकलं. अजूनही कित्येक गावांत स्मशानं जातवार आहेत. एका जातीचं सरण दुसऱ्यांच्या शेडखाली चालत नाही, आणि पावसात उघड्यावर मयत जाळायची वेळ कुणावर येते हे सगळ्यांना ठाऊक असतं. सिएटलमध्ये पेटी भरणारा, माती चाळणारा, हाडं वेचणारा माणूस कामाचं प्रशिक्षण घेतलेला असतो, हातमोजे घालतो आणि महिन्याला पगार घेतो. इथे तीच पेटी आली की ती कुणाच्या हातात जाईल, याचा अंदाज बांधायला संशोधन नको. पर्यावरणाच्या नावाने एक नवी घाण जुन्याच माणसांच्या अंगावर टाकली जाणार असेल, तर धूर परवडला. माझी पहिली अट म्हणून लाकूड, जमीन किंवा कर्ब यांतली कुठलीच नाही. ज्या संस्थेला हे करायचं असेल तिच्यात पेटीपाशी उभी राहणारी माणसं सगळ्या जातींतून, लेखी नेमणुकीने आणि पूर्ण वेतनावर यावीत, आणि ती माती ज्या शेतावर जाईल तिथे कुणाची माती कुणाच्या शेजारी हे बघितलं जाऊ नये.

स्मशानांत आणि दफनभूमींत रोज राबणाऱ्या माणसांशी झालेली बोलणी पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना देहाच्या मातीची कल्पना पहिल्या फटक्यात पटली, काहींनी मला वेड्यात काढलं, आणि जवळजवळ सगळ्यांनी आधी एकच गोष्ट मागितली: पावसाळ्यात कोरडं सरपण. ज्याला सगळं पुस्तक वाचायला सवड नाही त्याने ते प्रकरण आधी वाचावं.